वाचकांचे प्रश्न : जुन्या विज्ञानकथेतले रॉकेट घरी बांधताना

प्रश्न : १९५०च्या दशकातल्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर दिसते तसे एक चंदेरी रॉकेट मी आणि माझी मुलगी मिळून बांधत आहोत. लांब टोक, शेपटीकडे निमुळते होत जाणारे अंग आणि मागे झुकलेले तीन मोठे पंख, ज्यांच्यावर ते जमिनीवर उभे राहते, असा आराखडा आहे. मुख्य नळीचा व्यास ४१.६ मिमी आहे आणि टोकापासून शेपटीपर्यंतची लांबी ४६ सेंमी. सगळे भाग तात्पुरते जोडून आणि सी६-५ इंजिन बसवून वजन केले, ते १४० ग्रॅम भरले. गुरुत्वमध्य टोकापासून ३० सेंमीवर येतो आणि ओपनरॉकेट या संगणकप्रणालीने दाबमध्य ३१.५ सेंमीवर दाखवला. दाबमध्य मागे असला की रॉकेट सरळ जाते, असे वाचले आहे. मग आता गोंद लावायला हरकत नाही ना? (डॅलस, अमेरिका)

उत्तर : कृपया अजून गोंद लावू नका. दाबमध्य मागे आहे हे खरे, पण तो पुरेसा मागे नाही. उडत्या रॉकेटवर वाऱ्याचा आडवा जोर ज्या बिंदूत एकवटतो असे मानता येते, तो दाबमध्य. तो गुरुत्वमध्याच्या मागे निदान एका नळीच्या व्यासाइतका असावा, असा या छंदातला रूढ दंडक आहे. आपल्या बाबतीत हे अंतर ४२ मिमीच्या आसपास हवे, आणि ते आहे फक्त १५ मिमी. एवढ्या तोकड्या अंतरावर एखादी वाऱ्याची झुळूक किंवा किंचित तिरपा चिकटलेला पंखही रॉकेटची दिशा बिघडवू शकतो. दिवाळीतल्या बाणाची काडी मोडली की तो कसा भरकटतो, हे आपण पाहिलेच असेल.

या दुखण्याचे मूळ आपल्या आराखड्यातल्या सर्वांत देखण्या भागात आहे. नळी शेपटीकडे निमुळती केली की त्या उतारावर हवेचा आडवा जोर उलट्या दिशेने लागतो आणि दाबमध्य पुढे सरकतो. जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात दाबमध्य काढण्याची जी सूत्रे मांडली, त्यांत निमुळत्या शेपटीचा वाटा म्हणूनच उणे येतो. शिवाय मोठे पंख, ते पेलणारे जाड लाकूड, गोंद आणि इंजिन हे सगळे मागच्याच बाजूला असल्यामुळे गुरुत्वमध्यही मागे ओढला जातो. जुन्या धाटणीच्या रॉकेटचा आराखडा करताना चित्र आधी काढून तोल नंतर शोधण्याची पद्धत म्हणूनच महागात पडते. आधी इंजिन ठरवावे, मग नळी, मग पंखांचे क्षेत्रफळ, आणि रेषांचा डौल या तिन्हींनी जेवढी मोकळीक दिली असेल तेवढाच घ्यावा, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण इंजिनाची आहे. सी६-५ या नावातले अक्षर एकूण आवेग, म्हणजे जोर आणि तो टिकण्याचा वेळ यांचा गुणाकार, कोणत्या गटात मोडतो ते सांगते, ६ हा सरासरी जोर न्यूटनमध्ये असतो आणि ५ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. ज्या उभ्या दांड्याच्या आधाराने रॉकेट सरळ वर सुटते, त्यावरून सुटताना इंजिनाचा जोर वजनाच्या निदान पाचपट असावा, असा संकेत आहे. १४० ग्रॅम वजनाला सी६चा जोर जेमतेम सव्वाचारपट पडतो. अशा वेळी रॉकेट दांडा सोडताना इतके संथ असते की पंखांना पकड घेण्याइतका वारा मिळत नाही. आपल्याला २४ मिमी व्यासाचे डी१२-५ हे इंजिन लागेल. इंजिन धरणारी आतली नळी आणि तिची कडी त्यासाठी बदलावी लागतील, आणि हे काम गोंदाच्या आधीच होऊ शकते.

मात्र डी१२ हे सी६पेक्षा सुमारे २० ग्रॅमने जड आहे आणि हा भार थेट शेपटीत जातो. टोकापासून ४२ सेंमीवर २० ग्रॅम वाढले की एकूण वजन १६० ग्रॅम होते आणि गुरुत्वमध्य ३१.५ सेंमीवर, म्हणजे नेमका दाबमध्यावरच येऊन बसतो. आता तो दाबमध्याच्या ४.२ सेंमी पुढे, म्हणजे २७.३ सेंमीवर आणायचा, तर टोकापासून ४ सेंमी आत, नोज कोनच्या (टोकाच्या शंकूच्या) पोकळीत, सुमारे २९ ग्रॅम वजन भरावे लागेल. मातीकाम करतात ती न वाळणारी क्ले आत दाबून वरून इपॉक्सीचा थर द्यावा, म्हणजे पॅराशूट सुटतानाच्या झटक्याने ती निसटत नाही. एकूण वजन १९० ग्रॅमच्या घरात जाईल. डी१२चा जोर त्याच्या सहापटीहून अधिक असल्यामुळे ते चालेल. एवढे वजन भरणे नको वाटत असेल, तर पंख थोडे रुंद करावेत किंवा आणखी मागे न्यावेत आणि संगणकावर पुन्हा तपासावे. शेपटीचा उतार कमी करणे हा तिसरा मार्ग आहे. आपली मुलगी त्याला संमती देईल की नाही, हा प्रश्न मी आपल्यावर सोपवतो.

शेवटची खातरजमा दोरीने करता येते. इंजिन आणि पॅराशूटसह सज्ज रॉकेटला गुरुत्वमध्यावर दोरी बांधून ते डोक्यावर गोल फिरवावे. नाक पुढे ठेवून ते फिरले तर तोल ठीक आहे. ही चाचणी कडक असते. तिच्यात नापास झालेले रॉकेटही कधी कधी सरळ उडते, पण पहिल्याच आराखड्यात तो जुगार खेळू नये.

पंखांबद्दल एक सूचना. रॉकेट ज्यांच्यावर उभे राहते तेच पंख उतरताना आधी आपटतात. सुमारे ४५ सेंमीच्या पॅराशूटखाली आपले रॉकेट सेकंदाला जवळपास ५ मीटर वेगाने खाली येईल, आणि झुकलेल्या पंखाचे निमुळते टोक तेवढ्यानेही मोडू शकते. बाल्सा लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवावेत, दोन्ही बाजूंना पातळ कागद चिकटवावा आणि पंखाची जीभ, म्हणजे त्याच्या बुडाशी राखलेली पट्टी, नळीच्या भिंतीतून आत नेऊन इंजिनाच्या नळीला टेकवावी. पॅराशूटची दोरी शेपटीच्या भागाला त्याच्या तोलबिंदूपाशी बाहेरून बांधली, तर तो भाग आडवा लोंबकळत उतरतो आणि पंखांवरचा मार वाटला जातो.

प्रश्न : जुन्या चित्रांतली रॉकेटे अशी फुगीर आणि पंखवाली का असत? खरी रॉकेटे तर सरळ नळकांड्यांसारखी दिसतात. (पुणे)

उत्तर : चित्रकारांच्या डोळ्यांसमोर जर्मनीचे व्ही-२ होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी यशस्वीपणे उडालेले हे १४ मीटर उंचीचे क्षेपणास्त्र टोकदार, मध्ये फुगीर आणि चार पंखांचे होते, आणि युद्धानंतर अमेरिकेत नेलेल्या व्ही-२ची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. चाचणीच्या व्ही-२वरचे काळे-पांढरे पट्टे शोभेसाठी नव्हते. रॉकेट स्वतःभोवती किती फिरते ते त्यांच्यामुळे जमिनीवरून दिसत असे. पुढे मोठ्या रॉकेटांमध्ये टाक्या बनवायला सोपा म्हणून नळकांड्याचा आकार आला, आणि झोत वळवून दिशा सांभाळता येऊ लागल्यावर पंखांची गरज उरली नाही.

गंमत अशी की छंदाच्या रॉकेटला सुकाणू नसते. त्याची दिशा फक्त पंख सांभाळतात, त्यामुळे खऱ्या अवकाशयानापेक्षा मुखपृष्ठावरचे काल्पनिक यानच त्याच्या स्वभावाला जवळचे आहे. आधुनिक रॉकेटांच्या हुबेहूब प्रतिकृती उडवणाऱ्यांना पारदर्शक प्लास्टिकचे जादा पंख लावण्याची वेळ येते. जुन्या धाटणीच्या रॉकेटाला ही लपवालपवी करावी लागत नाही.

प्रश्न : माझ्या रॉकेटच्या टोकावर पितळी सुई, अंगावर धातूच्या वॉशरच्या गोल खिडक्या आणि शेपटीला इंजिन झाकणारे घंटेच्या आकाराचे नोझल लावायचे आहे. चंदेरी रंगही गुळगुळीत येत नाही, लाकडाचे रेषे दिसतात. (लंडन)

उत्तर : पितळी सुई लावू नये. नाक, अंग आणि पंख यांत धातू वापरायचा नाही, हा या छंदाच्या सुरक्षासंहितेतला मूलभूत नियम आहे. लाकडी काडीचे टोक गोल घासून, तिच्यावर दोन-तीन मणी ओवून तसाच परिणाम साधता येतो. खिडक्यांसाठी वॉशरऐवजी जाड कार्डाच्या चकत्या पंचने कापाव्यात. अंगावरच्या कड्यांना सुती दोरा गुंडाळून त्यावर पातळ गोंद फिरवला तरी रंगाखाली तो धातूच्या कड्यासारखा दिसतो.

नोझलचा मुद्दा अधिक गंभीर आहे. इंजिनाचे तोंड नळीच्या आत एका व्यासाइतके किंवा त्याहून खोल गेले, तर झोताभोवती हवा ओढली जाऊन जोराचा मोठा भाग वाया जातो. याला क्रुश्निक परिणाम म्हणतात. झोताने नोझल जळते, ते वेगळेच. म्हणून ते फक्त मांडणीवर ठेवण्यासाठी करावे आणि उडवताना काढून घ्यावे.

चंदेरी रंग पृष्ठभागाचा एकही दोष लपवत नाही. लाकडावर त्याची छिद्रे बुजवणारे सँडिंग सीलर किंवा पातळ केलेले फिलर लावून २२०, ३२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासावे, मग करडा प्रायमर मारून पुन्हा घासावे. लाल पट्टा काढताना मास्किंग टेपच्या कडेवर आधी चंदेरी रंगाचाच हलका हात मारावा. टेपखालची फट त्याने बुजते आणि वरचा लाल रंग आत झिरपत नाही. रंगालाही वजन असते, आणि पंखांचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे ते बहुतांशी मागे जाते. गुरुत्वमध्य रंग वाळल्यावर पुन्हा मोजावा आणि नाकातले वजन त्यानंतरच पक्के करावे.

प्रश्न : भारतात अशी इंजिने मिळतील का? फटाक्यांची दारू वापरून घरी करता येतील का? (सांगली)

उत्तर : घरी मुळीच करू नयेत. नळीत दाबून भरलेली दारू ठोकताना पेट घेऊ शकते, आणि तिच्यात एक चीर राहिली तर इंजिन न राहता बॉम्ब होतो. शिवाय ते बेकायदाही आहे : स्फोटके कायदा, १८८४ आणि स्फोटके नियम, २००८ यांच्याखाली अशा वस्तूंची निर्मिती आणि आयात परवान्याशिवाय करता येत नाही. हा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय नागपूरलाच आहे. परदेशातल्या नातेवाइकांनी सामानातून चार इंजिने आणावीत, असेही कोणाला सुचवू नका. विमानात ती नेता येत नाहीत.

आपल्यासाठी पाण्याचे रॉकेट हा चांगला पर्याय आहे. सोडा किंवा शीतपेयाची बाटली घ्यावी, साध्या पाण्याची घेऊ नये, कारण ती दाब सोसण्यासाठी केलेली नसते. तिच्याभोवती कार्डाचे निमुळते अंग, नोज कोन आणि झुकलेले तीन पंख चढवले की मुखपृष्ठावरचा थाट येतो. बाटलीवर गरम गोंद लावू नये, तिला घासूही नये. कार्डाचे अंग टेपने बसवावे. तिचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरावा आणि दाब दाखवणारा काटा असलेल्या सायकलच्या पंपाने दाब तीन-चार बारपर्यंत न्यावा. सोडण्याची कळ लांब दोरीने, मोकळ्या मैदानात ओढावी आणि दाब चढल्यावर कोणीही रॉकेटवर ओणवे होऊ नये. वर सांगितलेला तोलाचा नियम इथेही लागू आहे, फक्त गुरुत्वमध्य रिकाम्या बाटलीचा मोजावा, कारण पाणी सुरुवातीच्या क्षणभरातच निघून जाते आणि बाकीचा सगळा प्रवास रॉकेट रिकामेच करते.