पाच जणांचा कंटेम्पररी डान्स ग्रुप वाढवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय, पाच जण आहात, तीन रचना बसवल्यात, आता आणखी नर्तक घ्यावेत का? माझं मत विचाराल तर इतक्यात नको. सहावा माणूस नाचणारा नको, फोन करणारा आणि हिशेब ठेवणारा हवा.

आम्हीही पाचच होतो. एक प्रयोग गाजला आणि हौसेनं नऊ झालो. मग नऊ जण एका वेळी मोकळे सापडणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग! कुणाचे क्लास, कुणाची नोकरी. जे यायचे नाहीत त्यांच्या जागी खुर्च्या मांडून तालीम करायचो. पण आपल्या कामात अर्धा खेळ वजन देण्याघेण्याचा. खुर्चीवर काय वजन टाकणार? प्रयोगाच्या आदल्या दिवशी सगळे पहिल्यांदा एकत्र आले आणि एका लिफ्टमध्ये, म्हणजे एकानं दुसऱ्याला उचलायच्या हालचालीत, मी खांद्यावर आपटलो. सहा आठवडे घरी. माझी जागा दुसऱ्या कुणाला येतच नव्हती, त्यामुळे पुढचे दोन प्रयोगही गेले.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमची नृत्य कंपनी 1953 मध्ये सुरू झाली. 1959 मध्ये त्याच्या कंपनीचा संगीतकार जॉन केजनं इटलीतल्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत मशरूमवरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन पैसे जिंकले आणि त्यातून कंपनीला फोक्सवॅगनची गाडी घेतली. सहा नर्तक, दोन वादक आणि रंगमंच सांभाळणारा एक; गाडी भरली. मला हे गणित फार आवडतं. तुमच्या गाडीत किती मावतात ते आधी बघा.

मॅनेजरचं म्हणाल तर ब्रिटिश नर्तक-नृत्यदिग्दर्शक अक्रम खाननं 2000 मध्ये कंपनी काढली तीच फारुक चौधरींबरोबर. ते स्वतः आधी नर्तक होते, कंपनीत निर्मात्याची बाजू त्यांनी धरली. नाचणाऱ्यानंच आयोजकांना मेल लिहायचे ठरवले, की ते तालमीनंतर रात्री लिहिले जातात, म्हणजे बहुधा लिहिलेच जात नाहीत.

दुसरं, चौथी रचना बसवायची घाई नको. खर्च होतो तो बसवण्यात, तालमींच्या मानधनात. तीच रचना दहा ठिकाणी केलीत तर तो खर्च दहा प्रयोगांवर वाटला जातो. शिवाय ती मुरते ती सातव्या-आठव्या प्रयोगाला.

पैसे हातात आले की कपडेपट नंतर, आधी स्वतःची मार्ली, म्हणजे नाचायला जमिनीवर अंथरायची गुंडाळता येणारी व्हिनाइलची चादर, घ्या. मात्र मार्ली म्हणजे गादी नव्हे. तिनं पायाला पकड मिळते; खाली सिमेंट असेल तर गुडघे दुखायचे ते दुखणारच, तिथे उड्या कमी करा. शक्य असेल तर आदल्या रात्रीच अंथरून ठेवा. गुंडाळीच्या लाटा बसल्या की मगच टेप लावा, नाहीतर मधेच कड उचलली जाते आणि नेमका वळणारा अंगठा तिच्यात अडकतो.

आणि प्रत्येक रचनेचं समोरून, एका कॅमेऱ्यानं, न कापता, पूर्ण उजेडात रेकॉर्डिंग करून ठेवा. दिसायला कंटाळवाणं असतं, पण कुणी आजारी पडलं की त्याची जागा त्यावरूनच दुसऱ्याला शिकवता येते. आमच्याकडे तेव्हा होता तो फक्त दोन मिनिटांचा, संगीत लावलेला प्रोमो.