सरळ तारांचा जुना पियानो खरंच भंगार असतो का?

"तारा सरळ आहेत, म्हणजे पियानो भंगार" असं ट्यूनरने सांगितलं, ते खरं का आणि मांडणीने आवाजात फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो, चांगलाच पडतो. भंगार मात्र नाही. अगदी हेच वाक्य मला ऐकवलं गेलंय, म्हणून लिहायला बसलो.

सरळ मांडणीत सगळ्या तारा एकमेकींना समांतर असतात; आडव्या मांडणीत खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या जातात. तेवढ्याच पेटीत लांब तार बसते, आणि खर्जाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या, कडेपासून आत येते, जिथे लाकूड जास्त मोकळेपणाने हलतं. खर्ज गोल, भरदार होतो आणि स्वर एकमेकांत मिसळतात. अमेरिकेच्या स्टाइनवे कंपनीने ग्रँडसाठी, म्हणजे जमिनीला समांतर पेटीच्या मोठ्या पियानोसाठी, या मांडणीचं पेटंट १८५९ मध्ये घेतलं आणि हळूहळू सगळे तिकडे वळले. एरार ही फ्रेंच कंपनी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं सरळ तारांचे ग्रँड बनवत राहिले, आणि ते काही अडाणी नव्हते. सरळ तारांत खालचा, मधला, वरचा आवाज आपापला रंग राखून असतो. मला तो हवा असतो.

माझा ग्रँड फ्रेंच बनावटीचा. लाकडी सांगाडा, वर लोखंडी पट्ट्या. तारा गंजल्या होत्या म्हणून एका कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, "सगळ्या बदलू, जरा जाड घालू, आवाज भरेल." मी हो म्हटलं, ती माझी चूक. काम झालं तेव्हा मधली दोन सप्तकं ठोकल्यासारखी वाजत होती. स्वर मोठा निघायचा आणि लगेच विझायचा, आस म्हणून नाही. थोड्याच महिन्यांत खुंट्या ढिल्या पडू लागल्या. तक्रार केली तर उत्तर काय? "सरळ तारांचा पियानो असाच वाजणार." त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं आणि पुढे वर्षभर मी झाकण उघडलं नाही.

मग दुसऱ्या एक ट्यूनरबाई आल्या. त्यांनी आधी एकही पट्टी दाबली नाही. बारीक ब्रशने खुंट्यांजवळची धूळ झाडली, तर लाकडावर फिकट शाईने हाताने लिहिलेले आकडे. "हे बघा, बनवणाऱ्याने तारांच्या जाडीचे नंबर लिहून ठेवलेत." नशिबाने काढलेल्या काही तारा मी डब्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. मधल्या सप्तकातल्या एका तारेला त्यांनी मायक्रोमीटर लावला: जुनी ०.९० मिलिमीटर, तिच्या जागी घातलेली १.००. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लांबी तीच, स्वर तोच, तर ताण जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे २३ टक्के. अशा दोनशेच्या वर तारा, आणि खाली लाकडी सांगाडा!

तारा पुन्हा बदलल्या, मूळ जाडीच्या. आधारस्वरही सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४३५ वर लावला. फ्रान्समध्ये १८५९ पासून तोच अधिकृत होता. त्या संध्याकाळी बेथोवेनच्या पाथेटिक सोनाटाचा पहिला कॉर्ड वाजवला. डाव्या हाताला खाली दाटीवाटीने बसवलेले स्वर, जे नव्या पियानोवर मला नेहमी एकच गोळा होऊन ऐकू येतात. इथे एकेक मोजता येत होता. बाई हातात किल्ली धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "परत वाजवा."

बॅरेनबॉइमसारख्या नामवंत पियानोवादकानेही इटलीतल्या सिएनामध्ये संगीतकार लिस्टचा दुरुस्त केलेला पियानो वाजवून बेल्जियमच्या क्रिस मान या पियानो बनवणाऱ्याकडून सरळ तारांचा नवा ग्रँड बनवून घेतला, २०१५ मध्ये. तेव्हा "असाच वाजणार" हे कोणी मला सांगू नये.

आता राहिलेलं. सगळं श्रेय मांडणीला देऊ नका. हॅमरवरचं (तारेवर आपटणाऱ्या हातोडीवरचं) आवरण, तारांचा ताण, साउंडबोर्डची जाडी, सगळंच त्या काळी वेगळं होतं. तुमचा पियानो ग्रँड आहे की उभा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लहान उभा असेल तर खर्जाच्या तारा आखूडच असतात आणि आवाज पोकळ येतो, तिथे तुमच्या ट्यूनरचं थोडं खरं आहे. खुंट्यांचं लाकूड तडकलं असेल तर खर्च बराच होईल, ते आधी तपासून घ्या.

आणि तारा बदलायला कोणी आला, तर जुन्या तारांची जाडी किती भरली ते विचारा. आकडा सांगता आला नाही तर त्याला पियानोला हात लावू देऊ नका.