आधी ब्लँक लाव

बाळ,

पाण्यातलं तांबं ओढून घ्यायला तू अमाइन (नायट्रोजन असलेला, तांबं धरणारा गट) लावलेली सिलिका केलीस. पीएच 7 ला पाण्यातलं तांबं 99 टक्के गेलं आणि 5 ला जेमतेम 60, म्हणून सिलिकेची नवी बॅच फसली असं तू धरून बसलीयेस. बॅच फसलेली नाही. ते 99 खोटे आहेत.

100 पीपीएमच्या (लिटरला 100 मिग्रॅ) द्रावणात तांबं साधारण पीएच 5.6 पासूनच हायड्रॉक्साइड होऊन साक्याच्या रूपात बाहेर पडायला लागतं. 7 ला काम केलं ते फिल्टरनं, सिलिकेनं नव्हे. सिलिका न घालता तेच द्रावण, तोच पीएच, तेवढाच वेळ शेकरवर ठेव, त्याच कागदातून गाळ आणि मोज. याला ब्लँक म्हणतात, आणि तुझ्या वहीत तो एकही नाही!

आणि 5 लावला म्हणून तो 5 राहत नाही. अमाइन लावलेली सिलिका अल्कधर्मी. 25 मिलीत 50 मिग्रॅ पडली की पीएच वर सरकतो. सौम्य नायट्रिकच्या थेंबानं तो परत खाली आण. सायट्रेट बफर नको, तो तांबं स्वतःच धरून ठेवतो. ब्लँक लावायचा तो शेवटच्या पीएचला.

आता तुझे 60 टक्के बघ. 25 मिलीत 2.5 मिग्रॅ तांबं, त्यातलं दीड गेलं, म्हणजे ग्रॅमला 30 मिग्रॅ, 0.47 मिलिमोल. तुझ्या सीएचएनमध्ये (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणारी चाचणी) नायट्रोजन ग्रॅमला 1.1 मिलिमोल आहे. एका तांब्यामागे दोनाहून थोडे जास्त नायट्रोजन. बरोबर बसतंय की गं! रडतेस कशाला?

ब्लँकच्या हट्टापायी पोरं माझ्यावर वैतागतात, ठाऊक आहे. संशोधनाचे पेपर उशिरा निघाले, त्याची चुटपुट मलाही आहे. तरी हट्ट सोडणार नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात सिलिका ओल धरेल ही तुझी काळजी मात्र रास्त. सिलिका 120 अंशांना रात्रभर तापव, डेसिकेटरमध्ये (ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात) गार कर, लगेच कोरड्या टोल्युईनमध्ये घाल. पाणी राहिलं तर सिलेन (अमाइन सिलिकेला जोडणारं रसायन) पृष्ठभागाला न चिकटता आपसातच जुळतो. सीएचएन भरघोस दिसतं, पण छिद्रं बुजलेली असतात. टोल्युईननं धू, मग सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणारं काचेचं उपकरण) इथेनॉलनं. मॅग्नेट फिरवू नकोस, दाणे दळले जातात.

खानापूरच्या भाताच्या तुसापासून सिलिका करायची म्हणतेस, कर. तूस आधी सौम्य हायड्रोक्लोरिकमध्ये उकळून पोटॅशियम काढ, मग 600 अंशांना जाळ. पोटॅशियम राहिलं तर राखेचे दाणे वितळून चिकटतात. आणि अमाइन न लावलेली तीच सिलिका शेजारच्या बाटलीत हवी. तोही ब्लँकच.

उद्यमबागेतल्या कारखान्यांचं सांडपाणी एवढ्यात आणू नकोस. आधी सिलिकेचा पुनर्वापर जमव: आम्लानं तांबं सुटतं, पण अमाइन क्षाररूपात अडकून राहतो आणि दुसऱ्या फेरीत क्षमता पडते. सौम्य बायकार्बोनेटनं धू, मग धुतलेलं पाणी उदासीन लागेपर्यंत साध्या डिस्टिल्ड पाण्यानं. पुढच्या पत्रात दोन्ही पीएच लिहून पाठव, सुरुवातीचा आणि शेवटचा.

तुझे सर