थंडी पडली नाही, डाळिंबाचा ताण बसेना, काय करावं?

प्रश्न (सांगोला तालुका) : डिसेंबर अर्धा सरला तरी रात्री उबदारच आहेत. आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून तीन आठवडे झाले, पण डाळिंबाची पानं हिरवीगार आहेत, शेंड्याला तांबूस फूटही निघतेय. पानगळीसाठी इथ्रेलची फवारणी मारून घेऊ का? बांधावर हरिमन 99 सफरचंदाची रोपं आहेत, त्यांना फूल येईल का?

उत्तर : इथ्रेल आत्ता अजिबात मारू नका. इथ्रेल पान गाळतं, झाडाला विश्रांती देत नाही. काडीत अन्नसाठा झालेला नसताना पानगळ केली, तर बाग फुटते पण नुसती पालवी येते, कळी कमी निघते आणि निघाली तरी नर फुलंच जास्त.

हिमाचल-काश्मीरात झाडाला थंडी झोपवते. तिथल्या जुन्या सफरचंद जातींना 7 अंशांखालचे हजारभर तास लागतात. ते भरले नाहीत की डोळे (काडीवरचे फुटीचे कोंब) मागंपुढं फुटतात. सोलापुरात पारा 10 च्या खाली क्वचितच उतरतो, त्यामुळे आपल्या डाळिंबाची विश्रांती मुख्यतः पाण्याच्या ताणावर उभी आहे. तरीही गार रात्री मदत करतात, कारण वाढ थांबते. यंदासारख्या उबदार रात्रीत झाड वाढतच राहतं आणि साठवायचं अन्न नव्या फुटीवर खर्चून टाकतं.

म्हणून दिवस मोजू नका, झाड बघा. दुपारी पान मलूल दिसलं म्हणजे ताण बसला असं नव्हे, दुपारी ते उन्हानंही मान टाकतं. सकाळी लवकर बागेत जा. तेव्हाही पानं लोंबलेली, निम्म्याहून जास्त पिवळी आणि फांदी हलवली की जुनी पानं गळत असतील, तर ताण बसला. मुरमाड रानात याला महिना-सव्वा महिना, काळ्या रानात दीड-दोन महिने लागतात. शेजारच्या उसाचं पाणी पाझरत असेल तर चर काढा. नत्र पूर्ण बंद. मध्येच अवकाळी झाला तर ताण पुन्हा पहिल्यापासून धरा.

मग इथ्रेल लिटरला 1 ते 2 मिली, सोबत 5 ग्रॅम डीएपी खत. पहिलं पाणी हलकंच द्या.

पंढरपूर-बार्शीकडचे द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, तेही थंडीची उणीव भरून काढायलाच. ते डाळिंबावर वापरू नका. द्राक्षात लावणाऱ्या मजुरांना हातमोजे द्याच, आणि त्या दिवसात दारूचा थेंबही नको. अंगात सायनामाइड गेलेलं असताना दारू प्यायली तर जीवावर बेतू शकतं.

सफरचंदाचं : हरिमन 99 ही हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी निवडलेली, कमी थंडीत फुलणारी जात. आपल्याकडे तिची पानं आपणहून गळत नाहीत, ती डिसेंबरातच हातानं काढा. फूल जानेवारी-फेब्रुवारीत दिसेल. रोपं दोन वर्षांची झाली नसतील तर फुलं खुडून टाका, आधी खोड भरू द्या. बांधावर हौसेनं जरूर लावा, पण डाळिंब काढून एकरभर सफरचंद करायचा विचार असेल तर आधी स्वतःच्या झाडांची दोन-तीन फळं-वर्षं बघा.