डिश कौलांवर न्यावी की अंगणात उतरवावी?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचे कौलारू घर आहे. भोवती माड आणि आंब्याची कलमे आहेत. डीडी फ्री डिशची ६० सेंटिमीटरची डिश बसवणाऱ्याने पडवीच्या पत्र्यावर लावून दिली. पावसाळ्यात चित्र वारंवार जाते आणि पाऊस उघडला तरी बराच वेळ येत नाही. डिश आणखी उंच, कौलांवर न्यावी का?

उत्तर : कृपया नेऊ नये. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर दूर असल्याने डिश पंधरा फूट वर चढवून तो जवळ येत नाही. महत्त्व आहे ते दोघांमधल्या मोकळ्या आकाशाला. मुसळधार पावसाने चित्र गेले, तर सर उतरल्यावर ते काही मिनिटांत परत यावे. आपल्याकडे ते येत नाही, याचा अर्थ दोष बहुधा ढगांचा नसून भिजलेल्या झावळ्यांचा आहे, कारण ओले पान उपग्रहाकडून येणारे संकेत कोरड्या पानापेक्षा कितीतरी अधिक अडवते.

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजल्यास साधारण १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच येतो. डिश पाहून मात्र हा अंदाज चुकतो, कारण या घडणीच्या डिशचे तोंड वाटते तितक्या खाली रोखलेले नसते, प्रत्यक्षात ती त्याहून बरेच वरचे आकाश पाहत असते. त्या दिशेचे झाड डिशपेक्षा जितके उंच असेल, त्यातील दर दहा फुटांमागे सहा फूट अंतर हवे. चाळीस फूट उंच माड असेल तर किमान चोवीस फूट, आणि तेही बुंध्यापासून नव्हे, झावळीच्या टोकापासून मोजावे. कलम वाढणार आहे, तेव्हा थोडी जागा जास्तच सोडावी.

मोजमाप नको असेल, तर सूर्याची मदत घेता येते. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरअखेरीस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ याच उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या वेळी अंगणात जिथे स्वच्छ ऊन पडते, एखाद्या झावळीची सावलीसुद्धा हलत नाही, ती जागा खडूने आखून ठेवावी. सूर्याकडे पाहू नये, सावली पुरेशी आहे.

पत्र्याची जागा मला मुळीच पसंत नाही. वाऱ्याने पत्रा थरथरतो, त्याबरोबर डिश हलते, आणि दोन-तीन अंशांचा फरकसुद्धा चित्र घालवायला पुरतो. कौलांवर चढणे तर डागडुजीच्या वेळी जिवावर बेतू शकते. चिऱ्याच्या भिंतीत बोल्ट नीट धरत नाही. चिरा ठिसूळ असतो आणि भोक हळूहळू सैल होते. म्हणून आखलेल्या जागी दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये उभा करावा. तो ओळंब्यात आहे याची दोन्ही बाजूंनी खात्री करावी, कारण पाइप कलला तर बाकीची मापे व्यर्थ जातात. गुरे आणि मुले येत-जात असतील तर भोवती कठडा घालावा. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.