अप्रेंटिसशिपचं वर्ष कुठल्या शॉपमध्ये जाणार, ते आधी विचारा

प्रश्न : मुलगा यंदा मेकॅनिकलमधून बीई झाला. चाकणच्या एका फोर्जिंग (तापवलेला धातू ठोकून-दाबून घडवणाऱ्या) कंपनीने वर्षभरासाठी ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ म्हणून घेतलंय. पैसे बेताचे, शिफ्ट ड्यूटी, भट्टीजवळचं काम. नातेवाईक म्हणतात, वर्ष फुकट जाईल, त्यापेक्षा कोडिंगचा क्लास लाव. काय करावं? – एक आई, सिंहगड रोड

उत्तर : नमस्कार ताई,

मुलाला मशीनची ओढ असेल तर त्याने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र होकार कळवण्याआधी पत्र नीट वाचा. ‘इंजिनिअर ट्रेनी’ सहसा कंपनीचा कर्मचारी असतो, त्याचा पीएफ कापला जातो. तुमच्या मुलाचं तसं नाही. अप्रेंटिस १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. पीएफ नसतो आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मात्र कंपनीचीच. करार नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवर नोंदवलाय ना, हे पहिल्याच आठवड्यात पाहा, कारण शेवटी मिळणारं प्रमाणपत्र त्यावरच अवलंबून आहे. मूळ मार्कशीट फक्त दाखवायच्या, जमा करायच्या त्या झेरॉक्स.

ही संधी एकदाच मिळते. वर्षभराचं प्रशिक्षण किंवा अनुभव झाला की या योजनेत पुन्हा येता येत नाही. म्हणूनच पैशांपेक्षा मोठा प्रश्न असा, की हे वर्ष तो कुठल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कुठल्या विभागात, काढणार? एचआरला ईमेल करून विचारू द्या : कुठल्या विभागात किती महिने, कुणाच्या हाताखाली? बिलेट (स्टील बारचा कापलेला तुकडा) कटिंग आणि हीटिंग, मग प्रेस किंवा हॅमर, मग डाय (साचा) शॉप, शेवटी हीट ट्रीटमेंट आणि इन्स्पेक्शन असा क्रम मिळाला तर उत्तम. वर्षभर ऑफिसात बसून एक्सेल भरणं किंवा एकाच मशीनवर माणूस कमी म्हणून उभं राहणं, या दोन्हींत वर्ष खरंच वाया जातं.

शॉपमध्ये शिकायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. डायचा कोपरा भरत नाही, माल रिजेक्ट होतो. ऑपरेटर म्हणतो, बिलेट थंड आहे, टेंपरेचर वाढवा. नव्या इंजिनिअरने आधी बिलेट वजनकाट्यावर ठेवावं. ६० मिमी व्यासाच्या स्टील बारची लांबी १ मिमी कमी कापली तर साधारण २२ ग्रॅम घटतात. पण बारचाच व्यास अर्धा मिमी कमी आला, तर १० किलोच्या बिलेटमागे १६५ ग्रॅमच्या आसपास माल कमी पडतो, आणि लांबी मोजणाऱ्याला सगळं बरोबरच दिसतं! वजन ठीक निघालं तर पायरोमीटरकडे, म्हणजे दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राकडे, वळावं. बिलेटवर सुटा स्केल (तापलेल्या स्टीलवर धरणारा ऑक्साइडचा पापुद्रा) असेल तर तो आतल्या धातूपेक्षा थंड असतो, त्यामुळे रीडिंग खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. त्यावर विश्वास ठेवून हीटिंग वाढवलं की स्केल आणखी वाढतो, ग्रेन (धातूचा कण) जाड होतो आणि कोपरा तरीही भरत नाही. कधी डायच्या खोल भागात स्केल किंवा लुब्रिकंट अडकलेलं असतं, तिथे एअर मारून साफ करणं एवढाच उपाय.

असा एक दोष मुळापर्यंत शोधलेला मुलगा पुढच्या इंटरव्ह्यूमध्ये वेगळा उठून दिसतो. त्यासाठी खिशात छोटी वही हवी : तारीख, हीट नंबर (स्टीलच्या घाण्याचा क्रमांक), डाय नंबर, बिलेटचं वजन, किती पीस गेले, का गेले. बहुतेक ठिकाणी शॉपमध्ये मोबाईल चालत नाही, म्हणून स्केच हातानेच काढायला लागावं. कंपनीची ड्रॉइंग मात्र घरी आणायची नाहीत, हे त्याला बजावून सांगा.

उष्णतेची काळजी रास्त आहे. कपडे सुतीच घ्या. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. अंगठी, घड्याळ, कडं घरी ठेवायचं. इअरप्लग पहिल्या दिवसापासून लावायचे, कारण हॅमरच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सिंहगड रोडवरून चाकण रोज गाठायचं म्हणजे नाशिक फाटा आणि भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाचे कित्येक तास जातील. कंपनीची बस घराजवळून नसेल तर मोशीत दोघा-तिघांत खोली घ्यावी, विशेषतः नाईट शिफ्ट असताना. झोप पुरी झाली नाही की चुका प्रेसपाशी होतात.

कोडिंग शनिवार-रविवारीही शिकता येईल, आणि पायथॉनने रिजेक्शनचा डेटा मांडता आला तर शॉपमध्ये उपयोगच होईल. भट्टी आणि प्रेस मात्र क्लासमध्ये मिळत नाहीत.

तिसरा महिना संपेपर्यंत ठरलेल्या विभागात बदली झाली नाही, तर त्याने आधी ट्रेनिंग ऑफिसरला लेखी कळवावं. तिथे दाद लागली नाही, तर कराराच्या प्रतीसह मुंबईच्या पश्चिम विभागीय शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे अर्ज करावा.