मसीहाच्या जन्माचा दिवस

प्रश्न : मध्ययुगीन युरोपात राजा ख्रिस्ती, दरबार ख्रिस्ती. अशा ठिकाणी ख्रिस्ती आणि ज्यू यांच्यात धर्मावर वादसभा व्हायच्या, त्यांत ज्यू पंडितांना खरोखर बोलता येत होतं का?

उत्तर : येत होतं, पण ते महागात पडायचं. हा काळ मी अनेक वर्षं शिकवते आहे आणि बार्सिलोनाची जुलै १२६३ची वादसभा मी कधीच घाईने उरकत नाही. समोर आरागॉनचा राजा पहिला जेम्स. एका बाजूला ज्यू धर्म सोडून डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा साधू झालेला पाब्लो क्रिस्तियानी, दुसऱ्या बाजूला जिरोनाचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे बेन नाख्मान. मोकळेपणाने बोलायची परवानगी रब्बींनी राजाकडून आधीच मागून घेतली होती.

येशू हाच मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणहार, हे पाब्लो ज्यूंच्याच ग्रंथांतून सिद्ध करायला निघाला होता. त्याने एक आख्यायिका काढली : जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्याच दिवशी मसीहा जन्मला. म्हणजे तो येऊन गेलाच की! रब्बींनी काळाचा हिशेब पुढे केला. मंदिर पडलं इसवी सन ७० मध्ये आणि येशूचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. मग कथा खरी मानली तरी ती येशूची कशी होईल?

पण मला मोलाचं वाटतं ते त्यांचं पुढचं बोलणं. हिब्रू बायबल आम्ही पूर्ण मानतो, तालमूद या आमच्या परंपरेच्या ग्रंथातले धर्मनियमही मानतो. या आख्यायिका मात्र बिशपच्या प्रवचनासारख्या. कुणाला आवडलं, त्याने लिहून ठेवलं. पटलं तर उत्तम, नाही पटलं तरी बिघडत नाही. ग्रंथातल्या कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे त्यांनी प्रतिपक्षाला ठरवू दिलं नाही. इतर पंडितही शब्दाशब्दाला असेच अडत. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ‘अल्मा’ या शब्दात ख्रिस्ती लोक कुमारीच्या पोटी येशू जन्मेल असं भाकीत वाचत; त्याचा अर्थ कुमारी नव्हे, तरुणी, हे ते पुन्हा पुन्हा सांगत.

यशया म्हणतो, मसीहाच्या काळात तलवारींचे नांगर होतील. येशूनंतर जग हिंसेने भरलेलंच आहे, असं रब्बींनी राजाच्या तोंडावर सांगितलं. त्यांच्याच वृत्तांतानुसार राजाने निरोप देताना त्यांना ३०० दिनार दिले.

पुढे तोच वृत्तांत त्यांच्यावर उलटला. १२६५ मध्ये डॉमिनिकनांनी धर्मनिंदेची तक्रार केली. राजाने दोन वर्षांची हद्दपारी सुचवली. डॉमिनिकनांना ती अपुरी वाटली. १२६७ मध्ये सत्तरी ओलांडलेले रब्बी देश सोडून जेरुसलेमला पोहोचले. तिथे राहणारे ज्यू त्यांना भेटले ते दोनच : रंगारी काम करणारे दोघे भाऊ.